पदवी अर्धवट सोडावी का? जयपूरहून एक आढावा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा. सहा महिन्यांची इंटर्नशिप संपत आली आहे आणि कंपनी म्हणते आहे, इथेच थांब, पगार सुरू करतो. कॉलेजला हजेरी हवी आहे. मागच्या सत्रातले दोन विषय राहिले आहेत. आपण ज्याला केटी म्हणतो, तिला जयपुरात ‘बॅक’ म्हणतात. घरून फोन येतो, एवढे पैसे भरले ते काय मध्येच सोडून द्यायला? मालवीय नगर, मानसरोवर, वैशाली नगर इथल्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत या पेचात अडकलेली मुले नेहमी भेटतात. बाणेर, हिंजवडी, नागपूर, नाशिक इथेही ती आहेत. तरी हा प्रश्न जयपूरहून पाहावा असे मला वाटते. पदवीला अजिबात न मानणाऱ्या संस्थेपासून पदवीच्या नावाखाली कागद विकणाऱ्यांपर्यंत या प्रश्नाची जवळजवळ प्रत्येक बाजू राजस्थानात प्रत्यक्ष पाहायला मिळते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअर लिहायला पदवी लागत नाही. पण नोकरीच्या बाजारात, त्यातही ज्याची कुठे ओळखदेख नाही अशा मुलाला किंवा मुलीला, ती अजून लागते. म्हणून हाती घेतलेली पदवी पूर्ण करावी. कोणती पदवी, किती पैसे मोजून आणि कशा रीतीने, हा हिशेब मात्र बहुतेक घरांत चुकतो आहे.

जयपूर म्हणजे बंगळूर नव्हे आणि पुणेही नव्हे. सीतापुरा औद्योगिक वसाहत आणि अजमेर रस्त्यावरची महिंद्रा वर्ल्ड सिटी इथे इन्फोसिस, जेनपॅक्ट यांसारख्या मोठ्या कंपन्या आहेत. पण शहराचा खरा पसारा छोट्या कंपन्यांचा. परदेशी ग्राहकांच्या वेबसाइट, मोबाइल ॲप, दुकानांची ऑनलाइन विक्री अशी कामे दहा-वीस माणसांत केली जातात. याच शहरात अमित आणि अनुराग जैन या भावांनी गिरनारसॉफ्ट सुरू केली. तिच्यातून २००८ मध्ये कारदेखो उभी राहिली आणि २०२१ मध्ये तिचे मूल्य अब्ज डॉलरच्या पुढे गेले. रेझरपेची सुरुवातही जयपूरचीच. डीलशेअर ही कंपनी २०१८ मध्ये इथून निघाली. जयपूरच्या तरुणांना ही नावे तोंडपाठ असतात.

त्यांचे शिक्षण पाहा. जैन बंधू दिल्लीच्या आयआयटीचे. रेझरपेचे हर्षिल माथुर आणि शशांक कुमार रुरकीच्या आयआयटीचे. पदवी सोडून मोठे झालेल्यांच्या ज्या गोष्टी मुले सांगतात, त्या बहुतेक अमेरिकेतल्या आहेत. त्यातही एक भाग सांगायचा राहतो. बिल गेट्स आणि मार्क झुकरबर्ग यांनी हार्वर्ड सोडले हे खरे, पण हार्वर्डमध्ये प्रवेश मिळणे हीच जगाच्या लेखी एक पदवी आहे. गेट्स तर शाळेत असल्यापासून, १९६८ पासून, संगणकावर प्रोग्राम लिहीत होते. लिनस टॉरवल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्स लिहायला घेतले. त्याचा पसारा जगभर वाढत असतानाही त्याने मास्टर्सची पदवी पूर्ण केली, आणि प्रबंधही लिनक्सवरच लिहिला. हे उदाहरण मात्र कोणी देत नाही.

आता कामाचा प्रश्न. रोजच्या कामात पदवीतले काय उपयोगी पडते? एक साधे उदाहरण घेऊ. समजा, बापू बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या ऑनलाइन दुकानात ५०,००० वस्तूंची यादी आहे आणि गोदामाच्या नोंदवहीत दुसरी ५०,००० नोंदींची. कोणती वस्तू शिल्लक आहे हे दोन्ही याद्या जुळवून ठरवायचे आहे. घरी व्हिडिओ पाहून शिकलेला मुलगा पहिल्या यादीतली एक वस्तू घेतो, दुसरी यादी वरून खालपर्यंत तपासतो, मग पुढची वस्तू घेतो. चाचणी करताना तो शंभर वस्तूंची यादी वापरतो. तुलना होतात फक्त दहा हजार, आणि उत्तर क्षणात येते. तो खूश, मालक खूश. खऱ्या यादीवर याच प्रोग्रामला अडीचशे कोटी तुलना कराव्या लागतात आणि पान उघडत नाही. मुलगा म्हणतो, सर्व्हर कमी पडतो, मोठा घ्या. दुसरी यादी आधी हॅश टेबलमध्ये, म्हणजे हवी ती नोंद थेट सापडेल अशा रचनेत, भरून ठेवली असती, तर लाखभर पायऱ्यांत काम झाले असते. हे ज्ञान डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स या विषयांत असते, आणि ते विषय पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतात.

आता दुसऱ्या बाजूचा मुलगा घ्या. त्याने हे दोन्ही विषय चांगल्या गुणांनी सोडवले आहेत. वेळेच्या गुंतागुंतीची (टाइम कॉम्प्लेक्सिटीची) व्याख्या त्याला पाठ आहे, पण स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये ती दिसत नाही. कोडमधले बदल नोंदवून ठेवणारे गिट त्याने कधी उघडलेले नाही. दुसऱ्याने लिहिलेले वीस हजार ओळींचे कोड कसे वाचायचे हे त्याला कोणी शिकवलेले नाही, कारण प्रश्नपत्रिकेत ते येत नाही. प्रयोगवहीतले प्रोग्राम मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेले असतात, आणि तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षकही ते जाणून असतात. कोट्याच्या राजस्थान तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जयपूर परिसरातल्या साधारण कॉलेजांची जी स्थिती आहे, तीच आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनेक कॉलेजांची आहे. इथे बोट दाखवायला एकच राज्य पुरत नाही.

म्हणजे पदवीत जे शिकवायला हवे ते मोलाचे आहे, पण पदवी मिळाली म्हणून ते शिकले गेले असे होत नाही. ही गोष्ट सर्वांत आधी कोणाला कळली असेल तर ती मोठ्या कंपन्यांना. इन्फोसिस सगळ्या शाखांचे इंजिनिअर घेते. मेकॅनिकल आणि सिव्हिलची मुलेही म्हैसूरच्या केंद्रात काही महिने प्रशिक्षण घेऊन प्रोग्रामर होतात. चार वर्षे पूल आणि काँक्रीट शिकलेला मुलगा काही महिन्यांत कामाला लागत असेल, तर कंपनीने त्याच्या पदवीतले ज्ञान विकत घेतलेले नाही. तिने विकत घेतली ती चाळणी. हा मुलगा प्रवेश परीक्षा देऊन आला, चार वर्षे टिकला, आठ सत्रांच्या परीक्षा उत्तीर्ण झाला, एवढेच तिला पाहायचे होते. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हाच विचार मांडला. कामावर घेणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो शिक्षणाकडे खूण म्हणून पाहतो, मग त्या शिक्षणाने कुवत वाढलेली असो वा नसो. या विषयावरच्या कामासाठी २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

ही चाळणी भारतात किती घट्ट आहे ते कॅम्पस भरतीच्या अर्जावर दिसते. नाव आणि मोबाइल क्रमांकाखाली लगेच तीन चौकटी असतात: दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, पदवीचे टक्के. तिन्ही ठिकाणी साठ हवेत. शिक्षणात खंड असेल तर कारण लिहा. सध्या एकही विषय राहिलेला नसावा. तुम्ही काय बनवले आहे, हे विचारणारी चौकट या सगळ्यांच्या खाली असते, आणि वरच्या चौकटी ओलांडल्याशिवाय ती कोणी वाचत नाही. पहिली गाळणी संगणकच करतो.

पदवी कोणती यावर पगारही ठरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या वार्षिक २.५२ लाखांच्या पगारावरून बराच गदारोळ झाला. तेव्हा कंपनीने खुलासा केला की हा आकडा तीन वर्षांच्या पदवीधरांचा आहे, इंजिनिअरांना चार लाखांपासून पुढे मिळतात. म्हणजे बीसीए झालेल्याला महिना २१,००० आणि बी.टेक. झालेल्याला त्याहून किमान बारा हजार जास्त. पदवी नसलेल्याचा या हिशेबात उल्लेखही नाही. त्याच्यासाठी उरतात त्या छोट्या कंपन्या, आणि तिथे सहा महिने नाममात्र विद्यावेतन, दोन वर्षांचा बाँड आणि मूळ गुणपत्रिका कंपनीच्या कपाटात, असा प्रकार अजून चालतो. मुलांनी मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नयेत, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

सरकारी नोकरीत तर प्रश्नच नाही. राजस्थान सरकारने २०२३ मध्ये सूचना सहायकाच्या २,७३० जागांची जाहिरात काढली, तेव्हा लाखो मुलांचे डोळे तिच्याकडे लागले होते. तिथे संगणकातली पदवी, पदविका किंवा सरकारमान्य प्रमाणपत्र, असा काहीतरी कागद लागतोच. मराठी वाचकाला आणखी एक नाते माहीत असावे. आपल्या एमएस-सीआयटीच्या धर्तीवर राजस्थानात आरएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आहे. तो चालवणारे राजस्थान नॉलेज कॉर्पोरेशन २००८ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या सहभागाने उभे राहिले. अनेक सरकारी पदांना ते प्रमाणपत्र लागते, म्हणून गावोगावी त्याचे वर्ग चालतात. संगणक शिकण्याची गरज आणि प्रमाणपत्राची गरज यांत दुसरी नेहमी पुढे राहिली आहे.

परदेशाचे दार वेगळ्या रीतीने उघडते. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचे काही हवे. त्या हिशेबात तीन वर्षांचा अनुभव शिक्षणाच्या एका वर्षाबरोबर धरतात. म्हणजे चार वर्षांची पदवी नसेल तर बारा वर्षांचा अनुभव, आणि तो कागदोपत्री सिद्ध करता यायला हवा. आपली तीन वर्षांची बीसीए किंवा बी.एस्सी. तिथे सहसा पूर्ण पदवी मानत नाहीत, हे अनेकांना अर्ज करतानाच कळते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यापासून तो रस्ता तसाही अवघड झाला आहे. जर्मनी मात्र उलट दिशेने गेली. नोव्हेंबर २०२३ पासून तिथल्या ब्लू कार्डासाठी संगणक क्षेत्रातल्या माणसाला पदवीऐवजी मागच्या सात वर्षांतला तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव दाखवता येतो, पगाराची अट पूर्ण होत असेल तर. पदवी नसलेल्या भारतीय प्रोग्रामरसाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे तिची म्हणावी तशी चर्चा होत नाही.

अमेरिकी कंपन्यांनी पदवीची अट काढली, अशा बातम्या दर वर्षी येतात. आयबीएमने २०१६ पासून हा विषय लावून धरला. मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांवरची अट काढली. यातून प्रत्यक्षात किती फरक पडला हे हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ च्या अहवालात तपासले. उत्तर निराश करणारे निघाले. सातशे नेमणुकांत एका माणसालाही त्या बदलाचा लाभ झालेला नव्हता. जाहिरातीतली ओळ गेली, निवडणाऱ्याची सवय राहिली. जयपूरच्या मुलाने अमेरिकेतली घोषणा ऐकून कॉलेज सोडण्याआधी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग पदवीविना दुसरा रस्ता नाहीच का? राजस्थानात तो फार जुना आहे. जयपूरहून अजमेरकडे जाताना तिलोनिया हे गाव लागते. तिथे १९७२ मध्ये बंकर रॉय यांनी बेअरफूट कॉलेज सुरू केले. तिथे पदवी विचारत नाहीत आणि शिकणाऱ्याला प्रमाणपत्रही देत नाहीत. कागद हातात पडला की माणूस गाव सोडून शहराकडे धावतो, असा त्यामागचा विचार. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका, त्यात आज्याही, तिथे सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकल्या आणि आपापल्या गावी जाऊन ते काम करू लागल्या. आफ्रिकेतल्या देशांतूनही बायका शिकायला आल्या. कौशल्य कागदावाचून शिकवता येते, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नसेल. पण हे शिक्षण गावात राहण्यासाठी आहे. प्रोग्रामरला अनोळखी शहरात, अनोळखी मालकाकडे जायचे असते, आणि तिथे त्याची ओळख पटवून द्यायला तिलोनियाचे गाव उभे नसते.

चेन्नईच्या झोहोने हा अडथळा स्वतःपुरता दूर केला. २००५ पासून ती बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना आपल्या शाळेत घेते, फी न घेता उलट विद्यावेतन देते आणि पुढे कामावर ठेवते. पदवी नाही, कर्जही नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण इथे पदवी नको असे भाषण करणाऱ्यानेच नोकरी दिली आहे. त्याची मर्यादाही उघड आहे. झोहोत दहा वर्षे काढलेल्याला दुसरी कंपनी आनंदाने घेईल, पण दोन वर्षांत बाहेर पडावे लागले तर त्याच्या हातात बारावीची गुणपत्रिका असते. एचसीएलने २०१७ मध्ये सुरू केलेल्या टेकबी योजनेत यावर तोड काढली आहे. बारावीनंतर प्रशिक्षण, मग नोकरी आणि नोकरी करतानाच पदवी.

नोकरी आणि पदवी एकत्र चालवण्याचे सर्वांत जुने मोठे केंद्र राजस्थानातच आहे. पिलानीच्या बिट्सने १९७९ मध्ये नोकरदारांसाठी काम करता करता शिकण्याचे अभ्यासक्रम सुरू केले. विप्रोने १९९५ पासून बी.एस्सी. झालेल्या हजारो मुलांना कामावर घेऊन बिट्समधून पदव्युत्तर शिक्षण दिले. आज अनेक कंपन्यांत वरच्या जागी असलेली माणसे या वाटेने आली आहेत, तीही बहुतेक साध्या घरांतली. जयपूरच्या महिंद्रा वर्ल्ड सिटीत २०१६ पासून भारतीय स्किल डेव्हलपमेंट युनिव्हर्सिटी आहे. स्वित्झर्लंडमध्ये उद्योग उभारलेल्या डॉ. राजेंद्र जोशी यांनी तिथली पद्धत इथे आणली: एक सत्र विद्यापीठात, पुढचे कारखान्यात किंवा कंपनीत. कल्पना अगदी योग्य आहे. अडचण येते ती तिथल्या पदवीच्या, बी.व्होक. या नावाची. यूजीसीची मान्यता असूनही भरती करणाऱ्यांच्या डोक्यात आणि संगणकीय अर्जांच्या यादीत हे नाव अजून नीट बसलेले नाही. चांगले शिक्षण आणि ओळखीचा कागद यांत निवड करावी लागणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

गेल्या काही वर्षांतला मला सर्वांत आशादायक वाटणारा बदल म्हणजे मद्रास आयआयटीने २०२० मध्ये सुरू केलेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी. जेईई लागत नाही. बारावीनंतर पात्रता परीक्षा देऊन आत जाता येते. शिकवणी घरी, परीक्षा केंद्रावर. मध्येच थांबावे लागले तर टप्प्याप्रमाणे प्रमाणपत्र, पदविका किंवा पदवी हाती राहते. नव्या शैक्षणिक धोरणाने हाच विचार सगळ्या विद्यापीठांसाठी मांडला आहे: एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी. २०२१ मध्ये श्रेयांक (क्रेडिट) बँक सुरू झाली आणि तिथे जमा केलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. कागदावर तरी आता पदवी सोडणे आणि पदवी थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. ज्याला खरोखरच कॉलेज सोडावे लागते आहे, त्याने निघताना आपले श्रेयांक जमा झाल्याची खात्री करून मगच बाहेर पडावे. या एका कामाकडे बहुतेक मुले दुर्लक्ष करतात.

पदवी हवी, मग कुठलीही चालेल, असे मात्र नाही. ही गोष्ट राजस्थानने फार मोठी किंमत देऊन शिकली. चार अभिमत विद्यापीठांनी २००१ पासून परवानगी न घेता पत्राद्वारे इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर निकाल दिला. त्या चार संस्थांपैकी दोन राजस्थानातल्या होत्या: उदयपूरचे जनार्दनराय नागर राजस्थान विद्यापीठ आणि सरदारशहरची इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज इन एज्युकेशन. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना नव्याने परीक्षा द्यावी लागली. त्यानंतरच्यांच्या रद्द झाल्या. नोकरी सांभाळून, बढतीच्या आशेने, घरखर्चातून पैसे काढून ज्यांनी ती पदवी घेतली, त्यांचा दोष एवढाच की त्यांनी विद्यापीठ या शब्दावर विश्वास ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षे पीएच.डी.ला प्रवेश देण्यास बंदी केली, कारण पदव्या देताना नियम पाळले गेले नव्हते. म्हणून प्रवेश घेण्याआधी यूजीसी आणि एआयसीटीईच्या यादीत संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचेही नाव पाहावे, दूरशिक्षण असेल तर दोनदा पाहावे.

कौशल्य पाहून नोकरी द्या, पदवी विचारू नका, हे ऐकायला न्याय्य वाटते. पण पदवी विचारली नाही तर कंपनी काय विचारते? बहुतेक वेळा ती ओळख विचारते. कोणाच्या मित्राचा मित्र, कोणत्या मोठ्या शहरातला, इंग्रजी कसे बोलतो. बाडमेर किंवा बांसवाड्याच्या मुलाला, आपल्याकडच्या गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलीला, घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले आहे अशा दलित-आदिवासी कुटुंबाला, पदवी हा असा एकच कागद आहे ज्याच्यापुढे समोरच्याला निदान नियमाने वागावे लागते. म्हणून शहरी, सुस्थितीतल्या घरातला तज्ज्ञ जेव्हा सगळ्यांना पदवी सोडण्याचा सल्ला देतो, तेव्हा मला राग येतो. त्याचा मुलगा पडला तर झेलायला घर आहे.

मुलींबाबत हे आणखी खरे आहे. टोंक जिल्ह्यात निवाईजवळ १९३५ पासून उभ्या असलेल्या वनस्थली विद्यापीठाने राजस्थानातल्या आणि बाहेरच्या हजारो मुलींना संगणक शिकवला. हिरालाल शास्त्री आणि रतन शास्त्री यांनी ही संस्था उभारली तेव्हा इथे मुलींना शाळेत पाठवणेही नवल होते. आजही अनेक घरांत मुलीला शहरात, वसतिगृहात राहू देण्याचे मान्य कारण एकच असते, ते म्हणजे पदवी चालू आहे. ऑनलाइन कोर्स ती घरी बसून कर म्हणतात, आणि घरी बसलेल्या मुलीचे लग्न ठरते. तिच्यासाठी पदवीची तीन-चार वर्षे म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी मिळालेला वेळ आहे. तो कोणी बाजाराच्या भाषेत मोजू नये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि या प्रश्नाला नवे वळण मिळाले. साधी वेबसाइट, साधा फॉर्म, ठरावीक अहवाल, म्हणजे ज्या कामावर जयपूरच्या छोट्या कंपन्या नवख्यांना शिकवत आल्या, तेच काम यंत्र करू लागले आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या जागांवरची माणसे जास्त होती. यातून काही जण म्हणतात, आता पदवी निरर्थक. मला उलटे वाटते. यंत्राने लिहिलेले कोड बरोबर दिसते. वरच्या उदाहरणातल्या अडीचशे कोटी तुलना त्यात लपलेल्या असू शकतात, आणि त्या ओळखायला पाया पक्का लागतो. तीन महिन्यांत वेब डेव्हलपर करून देणाऱ्या वर्गांचे मोल मात्र वेगाने घसरणार. गोपालपुरा बायपासवर अशा वर्गांचे मोठमोठे फलक लागलेले असतात, आणि त्यांच्या जाहिरातीतल्या पगारावर विसंबून कर्ज काढू नये.

शेवटी पैशांचा हिशेब, कारण घरात प्रश्न तिथेच येऊन थांबतो. जयपूरच्या मालवीय एनआयटीत शिकवणी शुल्क वर्षाला १,२५,००० आहे, कमी उत्पन्नाच्या घरांना त्यात मोठी सूट मिळते आणि अनुसूचित जाती-जमातींना ते पूर्ण माफ आहे. तिथे जागा मिळत असेल तर विचार करू नये, घ्यावी. साधारण खासगी कॉलेजात फी, वसतिगृह, खाणे धरून चार वर्षांत सहा ते दहा लाख सहज जातात, आणि त्यातली मुले निघतात तेव्हा सुरुवातीचा पगार तीन-साडेतीन लाख असतो, तोही मिळाला तर. एवढ्यासाठी शेत गहाण टाकू नये. सरकारी कॉलेजची बीसीए किंवा बी.एस्सी., इग्नूची बीसीए जी पन्नास हजारांच्या आसपास होते, आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, मद्रास आयआयटीची ऑनलाइन पदवी, यांतले काहीही घ्यावे आणि सोबत पहिल्या वर्षापासून कोणाच्या तरी हाताखाली खरे काम करावे. पहिला पगार कमी असेल हे मान्य. दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीपर्यंत तो फरक बराचसा भरून निघतो, कारण तोवर विचारले जाते ते काम. दहा लाखांचे कर्ज मात्र तितक्या लवकर फिटत नाही.

आणि जो तिसऱ्या वर्षात आहे, ज्याचे दोन विषय राहिले आहेत, त्याने सोडू नये. तीन भाग खर्च होऊन गेला आहे, एक भाग उरला आहे. पगार हातात पडल्यावर परीक्षेला परत बसणारे फार थोडे असतात.

मुलांना एवढे सांगितल्यावर मालकांनाही सांगायला हवे, जयपूरच्या आणि पुण्याच्याही. दहावी-बारावीच्या साठ टक्क्यांची अट अर्जातून काढून टाका. सोळाव्या वर्षीच्या गणिताच्या गुणांवरून बावीस वर्षांच्या माणसाचे कोड कळत नाही. तुम्ही काय बनवले आहे, ही चौकट वर आणा. आणि ज्याची पदवी चालू आहे अशा मुलाला कामावर ठेवत असाल, तर परीक्षेच्या काळात त्याला पगारी सुट्टी द्या. तुमचा खर्च होईल महिनाभराचा पगार, आणि त्याची पदवी पूर्ण होईल.